आर१५ ला ६२ चा ब्लॉक: पळवून, खोलून, मोजून लिहिलेला रिव्ह्यू

थेट सांगतो, ब्लॉक टिकतो. प्लेटिंगवाला ६२ एमएमचा ब्लॉक (पिस्टन ज्यात वरखाली होतो तो सिलिंडर) आणि फोर्ज्ड, म्हणजे दाबून घडवलेला पिस्टन, यामाहाच्या आर१५ व्ही२ ला बसवून वीसेक हजार किलोमीटर झाल्यावर आता इंजिन खोललं, बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) मोजायचा गेज घातला आणि झीज म्हणावी असं बोअरमध्ये काही सापडलं नाही. पण एवढ्यावर खूश होऊन लगेच हे ब्लॉक-पिस्टनचं किट मागवू नका, पुढचं वाचा, कारण ब्लॉकच्या आजूबाजूचं बरंच काही त्याच्या आधी बोलायला लागलं, आणि हा ब्लॉक टिकायचं निम्मं श्रेय बसवायच्या आधी घेतलेल्या मापांना आहे.

किटच्या कंपनीचं नाव घेत नाही, विचारू पण नका. मला मापाबद्दल बोलायचंय आणि ते कुठल्याही स्टिकरच्या किटला लागू होतं. मी कोल्हापूरच्या शिरोली एमआयडीसीत मशीन शॉपला इन्स्पेक्शनला आहे, दिवसभर बोअर गेज आणि मायक्रोमीटर हातात असतो, त्यामुळं हे सगळं मोजून लिहितोय, ऐकीव काही नाही.

आधी थोडा हिशोब. व्ही२ चा स्टॉक बोअर ५७ आणि स्ट्रोक (पिस्टनची वरखाली चाल) ५८.७, म्हणजे १४९.८ सीसी. बोअर ६२ केला की स्ट्रोक तोच राहून १७७ सीसी होतात. ५ एमएमचा फरक ऐकायला किरकोळ वाटतो पण पिस्टनच्या डोक्याचं क्षेत्रफळ १८ टक्क्यांनी वाढतं, म्हणजे दर फायरिंगला कनेक्टिंग रॉडवर आणि बिग एंडच्या (रॉड क्रँकला जोडतो तिथल्या) बेअरिंगवर तेवढाच जादा दणका. पिस्टनचा वेग मात्र वाढत नाही, तो स्ट्रोकवर असतो, दहा हजार आरपीएमला साडेएकोणीस मीटर पर सेकंद स्टॉकला पण आणि किटला पण. पण पिस्टनचं वजन वाढलं तर क्रँकवरची ओढ वाढते, आणि ती आरपीएमच्या वर्गाच्या पटीत वाढते, म्हणून किट घेताना पिस्टन, पिन आणि रिंगा एकत्र काट्यावर ठेवून स्टॉकशी वजन ताडून बघा. माझा फोर्ज्ड पिस्टन मोठा असून स्टॉकपेक्षा थोडाच जड निघाला, म्हणून तो घेतला. क्रँक बॅलन्स करायची भानगड नको होती.

दुसरा हिशोब कॉम्प्रेशनचा, आणि हा बरेच जण करतच नाहीत. कॉम्प्रेशन, म्हणजे मिश्रण किती पट दाबलं जातं ते, स्टॉकला १०.४. म्हणजे पिस्टन वर आल्यावर हेडमध्ये साधारण १६ सीसी जागा उरते. त्याच १६ सीसीत आता १५० ऐवजी १७७ दाबायचे म्हटल्यावर कॉम्प्रेशन बाराच्या वर जातं, हेडखालच्या पॅकिंगचा (गॅस्केटचा) घेर वाढतो म्हणून थोडं कमी धरा, तरी बाराच्या आसपास. पिस्टनचा माथा थोडा खोलगट असेल तर हे आटोक्यात राहतं, घुमटवाला पिस्टन असेल तर तेरा-चौदाला जातं आणि मग साध्या पंपाच्या पेट्रोलवर करूळ घाटाच्या चढाला तिसऱ्या गिअरमध्ये नॉकिंग (पेट्रोल अवेळी पेटून होणारी ठकठक) ऐकू येणारच. रोजच्या गाडीला घुमटवाला पिस्टन घेऊच नका, माझं मत पक्कं आहे.

आता खरेदी. डबा आला, ब्लॉक दिसायला देखणा, बोअर आरशासारखा नाही तर बारीक जाळीदार, ते चांगलं लक्षण, कारण होनिंगच्या त्या रेघांमध्येच तेल धरून राहतं. शॉपमध्ये नेला, हेडच्या जागी जाड प्लेट ठेवून टॉर्कनं आवळली आणि मग मोजला. नुसता टेबलावर ठेवून मोजलेल्या बोअरला काही अर्थ नाही, बोल्ट आवळले की ॲल्युमिनियम ओढलं जातं आणि गोल बोअर लंबगोल होतो. वर, मध्ये, खाली अशा तीन उंचीवर आणि प्रत्येक उंचीवर दोन दिशांना. खालचं-मधलं ठीक होतं, पण वरच्या बाजूला, जिथं रिंगा सगळ्यात जास्त दाबात असतात, तिथं दोन दिशांमध्ये पंचवीस-तीस मायक्रॉनचा फरक (एक मायक्रॉन म्हणजे एमएमचा हजारावा भाग). पिस्टनचा सगळा क्लिअरन्सच (पिस्टन आणि बोअरमधली मोकळी जागा) ५० मायक्रॉनचा असताना ३० मायक्रॉन लंबगोल म्हणजे एका बाजूला पिस्टन घासणार आणि दुसऱ्या बाजूनं गॅस खाली जाणार.

दुकानदाराला फोन केला तर म्हणाला, "बसवा की हो, सगळे असाच बसवतात, रनिंगमध्ये सेट होतोय." हे कुणाचंही ऐकू नका. लोखंडी स्लीव्ह (ब्लॉकच्या आत बसवलेली नळी) असती तर थोडीफार सेट झाली असती, पण हे निकेल-सिलिकॉन कार्बाइडचं प्लेटिंग आहे, बाजारात त्याला सरसकट सिरॅमिक म्हणतात, ते इतकं कडक असतं की साध्या होनिंगच्या दगडाला दाद देत नाही, डायमंडचे दगड लागतात, आणि थर इतका पातळ की चुकून जास्त घासलं तर खालचं ॲल्युमिनियम उघडं पडतं आणि ब्लॉक भंगारात. मापाचा कागद आणि फोटो पाठवले, दोन-तीनदा भांडलो, शेवटी बदलून दिला. दुसरा ब्लॉक दहा मायक्रॉनच्या आत निघाला. म्हणजे एकाच किटचे दोन ब्लॉक, एक टाकाऊ आणि एक झकास, आणि बाहेरून दोन्ही सारखेच देखणे. लोक म्हणतात अमुक किट दोन महिन्यात गेलं आणि तेच किट दुसऱ्याकडं तीन वर्षं चाललंय, त्यातलं बरंचसं रहस्य इथंच आहे भावांनो.

रिंगांच्या गॅपचं पण असंच. पिस्टन उलटा करून त्यानं रिंग बोअरमध्ये सरळ ढकलायची आणि टोकांमध्ये फिलर गेज घालायचा. बोअरच्या दर २५ एमएमला ०.१० एमएम असा साधारण ठोकताळा, म्हणजे ६२ ला पाव एमएम. डब्यातल्या वरच्या रिंगेला ०.१५ सुद्धा जेमतेम जात होता. अशी रिंग तशीच घातली तर गरम झाल्यावर फुगून टोकाला टोक भिडतं, मग रिंगेला जायला जागाच नाही, ती बोअरच्या भिंतीत घुसते आणि प्लेटिंग सोलून काढते. घाटात भरधाव असताना मागचं चाक जॅम होणं म्हणजे काय ते ज्यांनी अनुभवलंय त्यांना विचारा. बारीक कानसेनं, एकाच दिशेनं, एकाच टोकाला घासत ०.२७ केली. अर्ध्या तासाचं काम, पण मेकॅनिक हे करतोय का हे तुम्ही स्वतः उभं राहून बघा.

इंजिन बांधायला उद्यमनगरातल्या एका जुन्या मिस्त्रींकडं दिली. कोल्हापूरचं एक बरं आहे, ऑइल इंजिनच्या काळापासून इथं फाउंड्री आणि लेथवाले पिढ्यानपिढ्या आहेत, एखादा डॉवेल सैल वाटला, ब्लॉकचा माथा सपाट नाही वाटला तर पाचशे मीटरच्या आत सरफेस ग्राइंडर सापडतो. मिस्त्रींनी ब्लॉकचा खालचा गळा क्रँककेसच्या तोंडात मोकळा उतरतोय का ते सुकं बसवून बघितलं, पिस्टनच्या माथ्यावर प्लास्टिसिन लावून हातानं क्रँक फिरवून व्हॉल्व्ह कुठं लागतात का ते बघितलं, मगच पॅकिंग टाकलं. ६२ पर्यंत ठीक, त्याच्या पुढं जितका बोअर वाढवाल तितकी क्रँककेसच्या तोंडाची आणि स्टड-बोअरमधली भिंत पातळ होत जाते, पॅकिंगला बसायला जागाच उरत नाही. मिस्त्री म्हणाले, "भावा, ६५ चा घेऊन आला असतास तर मी हात लावला नसता."

पेट्रोलचं गणित सगळ्यात महत्त्वाचं. स्टॉक ईसीयूला, म्हणजे पेट्रोल किती सोडायचं ते ठरवणाऱ्या कॉम्प्युटरला, वाटतं इंजिन १५० चंच आहे. हवा १८ टक्के जास्त आत येते, पेट्रोल त्या मानानं कमी, म्हणजे मिश्रण लीन, म्हणजे पिस्टनचा माथा तापणार. त्यात आता पंपावर सगळीकडं ई२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. इथेनॉल आपल्याच जिल्ह्यातल्या कारखान्यांच्या उसातनं निघतंय, अभिमानच आहे, पण त्यात ऑक्सिजन असतो म्हणून ते पेट्रोलपेक्षा जास्त लागतं. शुद्ध पेट्रोलला एक किलोमागे १४.७ किलो हवा, ई२० ला साडेतेराच्या आसपास. म्हणजे ईसीयूच्या जुन्या मॅपवर (पेट्रोल सोडायच्या तक्त्यावर) आणखी आठेक टक्के लीन. दुसरी बाजू अशी की इथेनॉलचा ऑक्टेन (नॉकिंग रोखायची ताकद) चढा असतो, त्यामुळं बाराच्या कॉम्प्रेशनला नॉकिंगच्या बाबतीत ई२० नं उलट मदतच केली असं माझं निरीक्षण आहे. पण ती मदत मिश्रण बरोबर असेल तरच. म्हणून ईसीयू आणि मोठा इंजेक्टर घेतला, एग्झॉस्टला वाइडबँड सेन्सर (हवा-पेट्रोलचं प्रमाण मोजणारा) लावून मॅप करून घेतला, प्लग एक नंबर थंड घातला. किटला जेवढे गेले त्याच्यापेक्षा जास्त पैसे ह्या बाकीच्या गोष्टींना गेले, आणि बजेट काढताना हे धरलं नाही तर किट घेण्यात अर्थ नाही.

चालवायला कशी झाली? लई भारी. मजा टॉपस्पीडला नाही, ती खालच्या-मधल्या आरपीएमला आहे. स्टॉक आर१५ ला गगनबावड्याच्या बाजूला चढावर वळण आलं की सारखा गिअर टाकायला लागतो, आठ हजारच्या खाली जीवच नसतो गाडीला, आता पाच-साडेपाच हजारला पण ओढते. हायवेला कागलच्या पुढं तवंदी घाट डबलसीट पाचव्या गिअरमध्ये चढते. अ‍ॅव्हरेज पडलं, पण मारून चालवली तरच जास्त पडतं. ताराराणी चौकात मे महिन्यात सिग्नलला उभं राहिलं की रेडिएटरचा फॅन आधीपेक्षा लवकर सुरू होतो, कुलंट दरवर्षी बदलतो आणि रेडिएटरच्या जाळीतली माती उन्हाळ्याआधी धुतो.

माती म्हटल्यावर एक गोष्ट तळमळीनं सांगायचीय. किट बसवलं की पोरं एअरबॉक्स काढून उघडा कोनवाला फिल्टर लावतात, आवाज चांगला येतो म्हणून. आपल्याकडं ऊसतोडीच्या हंगामात ट्रॉल्यांच्या मागं गाडी असते, सातारा-कागल हायवेचं सहापदरीकरण, रत्नागिरी रोडचं काम, सगळीकडं धुरळाच धुरळा. धुरळ्यात असते सिलिका, म्हणजे बारीक वाळू. ती बोअर आणि रिंगेच्या मध्ये गेली की कितीही महागाचं प्लेटिंग असू दे, रिंगा खाते. मी स्टॉकचा एअरबॉक्स ठेवला, फिल्टर वेळेच्या आधी बदलतो, आणि इंजिन खोलल्यावर बोअरला उभे ओरखडे नव्हते ह्याचं मोठं कारण हेच आहे. अर्धा बीएचपी गेला असेल, जाऊ दे.

आता खोलल्यावर काय दिसलं ते. बोअर: होनिंगच्या तिरक्या रेघा वरपासून खालपर्यंत अजून स्पष्ट, माप जवळपास पहिल्यासारखंच, दोन-तीन मायक्रॉनचा फरक, तेवढा तर माझ्या गेजच्या चुकीत पण जातो. पिस्टन: स्कर्टवरचं (पिस्टनच्या खालच्या घेरावरचं) काळं कोटिंग एका बाजूला झिजून चंदेरी चट्टा पडलाय, फोर्ज्डला क्लिअरन्स थोडा जास्त ठेवावा लागतो म्हणून सकाळी थंडीत पहिले दोन मिनिटं टकटक येते, त्याचा तो परिणाम, घाबरण्यासारखं नाही. वरच्या रिंगेची गॅप ०.२७ ची ०.३५ झालेली, म्हणजे जे झिजायचं ते रिंगच झिजली, आणि तेच बरोबर आहे, रिंग बदलता येते. गजनपिन (पिस्टन रॉडला जोडणारी पिन) ठीक. माथ्यावर कार्बन तपकिरी कोरडा, कडेला थोडा ओला, म्हणजे तेल किंचित वर येत होतं. हजार किलोमीटरला जे थोडं टॉपअप करायला लागत होतं त्याचा उलगडा झाला.

आता जे टिकलं नाही ते. क्लच सगळ्यात आधी गेला. टॉर्क वाढला आणि स्प्रिंगा स्टॉकच्या, सहाव्या गिअरमध्ये एक्सलेटर पिळला की आरपीएम वर आणि गाडी जागेवर. प्लेटा आणि कडक स्प्रिंगा टाकल्या, लिव्हर जरा जड झाला पण प्रश्न मिटला. मग हेडच्या पॅकिंगच्या कडेला तेलाचा ओलसर डाग यायला लागला, किटसोबतचं पॅकिंग साधं होतं, ते काढून स्टीलच्या थरांचं टाकलं, टॉर्क रेंचनं क्रमानं आवळलं, परत आला नाही. स्टार्टरला कॉम्प्रेशनचा त्रास होतो, बॅटरी थोडी उतरली की सकाळी ढकलायची वेळ येते. कॅम चेनचा टेन्शनर बदलला. आणि बिग एंड, ज्याची मला खरी काळजी होती, त्याचा उभा खेळ अजून हाताला लागत नाही, पण ऑइल मी कंपनीच्या सांगण्याच्या निम्म्या किलोमीटरला बदलतो आणि आरपीएम लिमिटरची हद्द वाढवलेली नाही. मॅप करणारे विचारतात "हजार आरपीएम वाढवून देऊ का", नको म्हणा. किट तग धरेल पण स्टॉक क्रँक धरेलच असं नाही.

लोखंडी स्लीव्हचं काय असं बरेच जण विचारतात. माझ्या मित्राची यूसीई (इंजिन-गिअरबॉक्स एकत्र असलेली) बुलेट ३५० आहे, स्टॉक ७० बाय ९०. त्यानं ब्लॉक बोअर करून मोठी स्लीव्ह ठोकून घेतली. पहिल्यांदा जिथं केली तिथं स्लीव्ह ढिली बसली होती. हिशोब बघा, ॲल्युमिनियम गरम झाल्यावर बिडाच्या जवळपास दुप्पट फुगतं. बाहेरून ७५ एमएमची स्लीव्ह असेल आणि तापमान १०० डिग्रीनं वाढलं तर ॲल्युमिनियमचं भोक १७० मायक्रॉन वाढणार आणि स्लीव्ह ८० च, म्हणजे कागदावर ९० मायक्रॉनची फट. प्रत्यक्षात स्लीव्ह ब्लॉकपेक्षा जास्त गरम असते म्हणून फरक कमी पडतो, पण थंड असताना घट्टपणा पुरेसा ठेवला नाही तर गरम इंजिनमध्ये स्लीव्ह सुटणार हे नक्की. त्याची सुटली, खाली बसली, पॅकिंग फुटलं, पांढरा धूर आणि खडखडाट. दुसऱ्यांदा ब्लॉक भट्टीत तापवून, स्लीव्ह थंड करून, वरची कॉलर ब्लॉकच्या माथ्याशी एका लेव्हलला घासून बसवली, आणि ती गाडी आता निवांत पळतेय. स्लीव्हचा मोठा फायदा म्हणजे पुढं ०.२५, ०.५० असं ओव्हरसाइज करता येतं, उद्यमनगरात कुणीही करून देईल. प्लेटिंगवाल्याला ती सोय नाही, गेला की परत प्लेटिंग किंवा नवा ब्लॉक. उष्णता मात्र प्लेटिंगवाला ॲल्युमिनियमचा ब्लॉक पटकन बाहेर टाकतो. म्हणून एअरकूल्ड, कमी आरपीएमची, वर्षानुवर्षं ठेवायची गाडी असेल तर माझं मत चांगल्या स्लीव्हला, दहा हजार आरपीएमच्या वॉटरकूल्ड गाडीला प्लेटिंग. आणि आर१५ चा मूळ ब्लॉक बोअर करून देतो असं कुणी म्हणालं तर तिथून उठा, तो डायासिल आहे, सिलिकॉन मिसळलेलं ॲल्युमिनियम, आत स्लीव्ह नाहीच, नुसता बोअर मारून कुठलाही पिस्टन घातला तर तो चिकटणारच.

कायद्याचं पण स्पष्ट बोलतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणं आरसीवर जे आहे त्यात परस्पर बदल करता येत नाही, सीसी त्यात आलं. वॉरंटी जाते, आणि अपघात झाला तर इन्शुरन्सवाले बोट ठेवू शकतात. ज्याच्याकडं एकच गाडी आहे आणि रोज घर ते गोकुळ शिरगाव ड्युटी करायचीय त्यानं ह्यात पडू नये असं मला मनापासून वाटतं, स्टॉक आर१५ निगा राखली तर कितीतरी वर्षं त्रास देत नाही. ट्रॅकला, रेसला गाडी तयार करताय आणि खर्चाची तयारी आहे, तर ६२ चा घ्या, खोलगट पिस्टनचा घ्या.

घेताना दुकानदाराकडनं पिस्टन-बोअरचा क्लिअरन्स आणि रिंगांची गॅप लिहून मागा, आणि माप घेतल्यावर न जमल्यास ब्लॉक बदलून देणार का हे पैसे द्यायच्या आधी मेसेजवर घ्या, फोनवर नको. त्याच वेळी रिंगांचा एक जादा सेट आणि वरचं पॅकिंग मागवून ठेवा, कारण ही किटं बाहेरनं येतात, दोन वर्षांनी तेच माप मिळेल ह्याचा भरवसा नाही. माझा जादा सेट कपाटात होता, तोच गॅप करून आता घातलाय, ब्लॉक आणि पिस्टन तेच ठेवलेत, रनिंग सुरू आहे आणि टॉपअप सध्या तरी थांबलंय.